संकेत पाळणारें स्थळ

कांहीं शब्दांचें भाग्य मोठें विचित्र असतें. ‘संकेतस्थळ’ हाच शब्द घ्या. संस्कृत काव्यांत संकेतस्थळ म्हणजे प्रेमी जनांनीं एकमेकांस भेटण्यासाठीं आधीं ठरवून ठेवलेली जागा. कोठें वेतसाचा कुंज, कोठें नदीकांठचें ओसाड देऊळ. आज तोच शब्द बँकेच्या, रेल्वेच्या, शाळेच्या आणि नगरपालिकेच्या इंटरनेटवरील पानांस लागला आहे, आणि तेथें जाणारांत अभिसारिकांपेक्षां वीजबिल भरणारे गृहस्थच अधिक आढळतात. तथापि ज्या कोणीं हा शब्द योजिला, त्याच्या हातीं नकळत एक मर्म लागलें असें आम्हांस वाटतें. संकेत म्हणजे आधीं दिलेला शब्द. अमुक ठिकाणीं या, म्हणजे अमुक भेटेल, असें वचन त्यांत गृहीत असतें. साहित्यशास्त्रकारांनीं नायिकांचे जे आठ प्रकार सांगितले आहेत, त्यांत ‘विप्रलब्धा’ म्हणून एक आहे. ती ठरल्या जागीं वेळेवर येते, आणि ज्याला भेटावयाचें तोच तेथें नसतो. एखाद्या कचेरीच्या संकेतस्थळावर तासभर भटकून, हवें तें न मिळतां हिरमुसल्या मुद्रेनें उठणारा मनुष्य आम्ही पाहतों, तेव्हां आम्हांस त्या नायिकेची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं.

संकेतस्थळ चांगलें कशास म्हणावें, हा विषय कौटुंबिक मासिकाचा नव्हे, असें कित्येकांस वाटेल. आमचें मत तसें नाहीं. ज्यांच्या घरीं पेन्शनर वडील आहेत, ज्यांची मुलगी महाविद्यालयाचा प्रवेश-अर्ज भरीत आहे, ज्यांस इस्पितळाची वेळ घ्यावयाची आहे, त्या सर्वांस आज हें दार ठोठावावेंच लागतें. शिवाय दुसरेंहि एक कारण आहे. हीं स्थळें घडविणारे पुष्कळसे कारागीर आपल्याच घरांतले आहेत. कोणाचा मुलगा पुण्यास हिंजवडींत, कोणाची सून बंगळुरास, कोणाचा भाचा कॅलिफोर्नियांत हेंच काम करीत असतो. म्हणजे दार बांधणारा आपल्या घरचा, आणि त्या दारांत अडखळणाराहि आपल्याच घरचा. या दोघांची एकमेकांशीं या विषयावर कधीं गांठ पडत नाहीं, एवढेंच काय तें नवल!

अडखळण्यानें होणारें नुकसान केवळ वेळेचें असतें, तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या शेजारीं एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं गणित शिकविलें, आणि आजहि त्यांचा हिशेब एका पैनें चुकत नाहीं. एका कचेरीचा अर्ज त्यांनीं संगणकावर मोठ्या काळजीनें भरला आणि शेवटचें बटण दाबलें. उत्तर आलें, ‘माहिती अवैध आहे.’ कोणती माहिती, कां अवैध, याबद्दल एक अक्षर नाहीं; उलट भरलेलीं सर्व घरें कोरीं झालेलीं. त्यांनीं पुन्हां भरला, तिसऱ्यांदां भरला. अखेर संध्याकाळीं नातू घरीं आला, त्यानें जन्मतारखेंतील तिरप्या रेघांच्या जागीं आडव्या रेघा घातल्या, आणि अर्ज मुकाट्यानें आंत गेला. “आजोबा, एवढेंच होतें,” तो म्हणाला. त्यावर मास्तर आम्हांस म्हणाले, “आतां आमची बुद्धि चालत नाहीं हेंच खरें.” वस्तुतः मास्तरांची बुद्धि पूर्ण शाबूत होती, चालत नव्हतें तें स्थळ. तारीख कशी लिहावी हें त्या घराशेजारीं चार शब्दांत सांगतां आलें असतें. किंबहुना कोणत्याहि रेघेची तारीख समजून घेण्याचें काम यंत्रासच लावतां आलें असतें. त्या दिवसापासून मास्तरांनीं आपले गुप्त परवलीचे शब्द नातवाच्या स्वाधीन करून टाकले. नातू सज्जन आहे म्हणून ठीक. पण स्वतःचा व्यवहार स्वतः पाहण्याचा अधिकार, जो त्यांनीं ऐंशीव्या वर्षापर्यंत जपला होता, तो एका वाईट पानानें त्यांच्याकडून काढून घेतला. कुलूप बिघडलें तर आपण कुलुपास दोष देतों. परंतु पडद्यावरचें पान बिघडलें कीं मनुष्य स्वतःस दोष देतो. या विषयांतील खरें दुःख तें हेंच.

मुळांत हें साधन इतकें गर्विष्ठ नव्हतें. जगांतील पहिलें संकेतस्थळ टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत उभारलें, आणि १९९१ सालीं तें सर्वांस खुलें झालें. त्यावर चित्र नव्हतें कीं नक्षी नव्हती. कांहीं ओळी, आणि त्यांतील शब्दांवरून दुसऱ्या पानास नेणारे दुवे, एवढाच त्याचा संसार. देशोदेशींच्या शास्त्रज्ञांपाशीं नाना तऱ्हेचीं यंत्रें होतीं, आणि एकाची माहिती दुसऱ्यास मिळत नसे. ती अडचण दूर करणें हा त्याचा हेतु. ३० एप्रिल १९९३ रोजीं ‘सर्न’नें ही सर्व विद्या जगास विनामूल्य देऊन टाकली. पुढें अनेकांच्या हातीं ती आली, आणि लुकलुकणारीं अक्षरें, आपोआप वाजणारें संगीत, ‘आपण इतक्या हजारावे पाहुणे’ असें सांगणारे आंकडे, अशी हौसेची जत्राच भरली. हौस वाईट नव्हे; परंतु यजमानाची हौस आणि पाहुण्याची गरज यांत श्रेष्ठ कोणतें, हा वाद तेव्हांपासून चालूं आहे.

तो वाद आम्ही एकदां जवळून पाहिला. एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाचें संकेतस्थळ करावयाचें ठरलें, आणि सल्लागार मंडळावर आमची नेमणूक झाली. अध्यक्षांच्या मतें पहिल्या पानावर संस्थापकांचें तैलचित्र, त्याखालीं संस्थेचें ध्येय, आणि मग कार्यकारिणीचीं छायाचित्रें हवीं होतीं. एका उत्साही सभासदास पडद्यावर पुस्तकांचीं पानें फडफडत उलटावयास हवीं होतीं. ग्रंथपालबाई कोपऱ्यांत बसून सर्व ऐकत होत्या. त्यांना मत विचारलें तेव्हां त्यांनीं एक वही पुढें केली. दूरध्वनीवर लोक काय विचारतात, तें महिनाभर त्यांनीं त्या वहींत टिपून ठेवलें होतें. आज वाचनालय उघडें आहे काय? अमुक पुस्तक परत आलें काय? वर्गणी किती, आणि अनामत किती? दिवाळी अंकांची नोंदणी केव्हां? पुस्तकांचा विभाग वरच्या मजल्यावर आहे, तर लिफ्टची सोय आहे काय? सबंध महिन्यांत संस्थेचें ध्येय काय, असें एकानेंहि विचारलें नव्हतें.

मंडळींत थोडी कुजबुज झाली, अध्यक्ष थोडे हिरमुसले; परंतु वहीपुढें कोणाचें कांहीं चाललें नाहीं. पहिल्या पानावर त्या दिवसाची वेळ, पुस्तक शोधण्याची चौकट, आणि वर्गणीचे दर, इतकेंच आलें. संस्थापक दुसऱ्या पानावर गेले, आणि तेथें त्यांचें चरित्रहि विस्तारानें देतां आलें. पुढें एक वृद्ध सभासदबाई आम्हांस म्हणाल्या, “आतां पुस्तक आलेलें आहे हें घरीं बसून कळतें, मगच मी जिना चढतें.” त्यांचे गुडघे दुखरे आहेत. संस्थेचें ध्येय याहून निराळें काय असणार? आमच्या मतें चांगल्या स्थळाचें पहिलें लक्षण हेंच, कीं येणारा जो प्रश्न मनांत घेऊन येतो, त्याचें उत्तर उंबरठ्याच्या आंत पाऊल टाकतांच दिसावें.

ही आमच्या गांवची युक्ति आहे असें मात्र कोणीं समजूं नये. ब्रिटिश सरकारनें २०१२ च्या ऑक्टोबरांत निरनिराळ्या सरकारी स्थळांच्या जागीं एकच स्थळ उभारण्यास आरंभ केला, तेव्हां त्याच्या कारागिरांनीं जे नियम लिहून ठेवले, त्यांतील पहिला नियम असाच आहे: आरंभ सरकारच्या गरजेपासून नव्हे, तर उपयोग करणाराच्या गरजेपासून करावा. कोणत्या खात्याकडे कोणतें काम, हें नागरिकास ठाऊक असण्याचें कारण नाहीं. त्याला मोटार चालविण्याचा परवाना हवा असतो, खात्याची वंशावळ नको असते. अर्ज असेल तर एका पानावर एकच प्रश्न विचारावा, भाषा साधी ठेवावी, हा त्यांचा परिपाठ. त्या स्थळावर पाहण्यासारखें जवळजवळ कांहींच नाहीं. पांढरें पान आणि काळीं अक्षरें. तरीहि २०१३ सालीं लंडनच्या डिझाइन म्युझियमनें वर्षांतील सर्वोत्कृष्ट रचनेचा मान त्यासच दिला. शृंगार कमी केला म्हणून सौंदर्य कमी होतें असें नाहीं, हें आपल्याकडील जाणत्या गृहिणीस सांगावयास नको.

त्याच्या उलट उदाहरण अमेरिकेचें. तेथील सरकारचें आरोग्यविम्याचें स्थळ १ ऑक्टोबर १९१३ नव्हे, तर चांगल्या यंत्रयुगांत, म्हणजे १ ऑक्टोबर २०१३ रोजीं सुरू झालें. लक्षावधि लोक त्यावर आले, आणि पहिल्या दिवशीं अखेरपर्यंत विमा घेऊं शकले ते अवघे सहा! यंत्रांची तयारी अपुरी होती हें एक कारण. परंतु दुसरें कारण मोठें बोधप्रद आहे. विम्याचे प्रकार आणि दर नुसते पाहावयाचे असले तरी आधीं स्वतःचें खातें उघडण्याची सक्ति होती, आणि त्या अरुंद दारांतच गर्दी चेंगरली. दुकानांतील लुगडें पाहण्यापूर्वीं दुकानदारानें नांव, गांव, पत्ता लिहून मागावा, तशांतला हा प्रकार. पुढें ती सक्ति शिथिल झाली, दुरुस्त्या झाल्या, आणि दोनतीन महिन्यांत स्थळ मार्गास लागलें. पण धडा राहिला: पाहुण्याकडून जें मागावयाचें तें गरजेपुरतें आणि गरजेच्या वेळींच मागावें.

आतां वाचनाविषयीं. आपण लिहिलेला प्रत्येक शब्द लोक वाचतात, असा लेखकमात्राचा गोड समज असतो; आमचाहि आहे. मूळचे डेन्मार्कचे याकोब नील्सन हे या शास्त्रांतील एक जुने अभ्यासक. त्यांनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत शेंकडा ७९ माणसें नवें पान शब्दशः न वाचतां त्यावरून नुसती नजर फिरवितात असें आढळलें. बाजारांतून जातांना आपण दुकानांच्या पाट्या वाचतों, तसेंच हें. म्हणून महत्त्वाची गोष्ट आधीं सांगावी, परिच्छेद आंखूड असावे, मथळे अर्थपूर्ण असावे; आणि दुव्याचे शब्द असे असावे कीं पुढें काय मिळेल तें त्यावरूनच कळावें. ‘येथें टिचकी मारा’ या शब्दांनीं कांहींच कळत नाहीं. ‘वर्गणीचे दर पाहा’ या शब्दांनीं सर्व कळतें. नील्सन यांनीं वेळेचेंहि एक माप सांगितलें आहे. उत्तर सेकंदाच्या दहाव्या भागांत आलें तर तें तात्काळ वाटतें. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाहीं. दहा सेकंद झालीं कीं मन दुसरीकडे जातें. शहरांतील उत्तम यंत्रावर जें पान क्षणांत उघडतें, तेंच तालुक्याच्या गांवीं जुन्या मोबाइलवर, भल्या मोठ्या छायाचित्रांच्या ओझ्यामुळें, रखडत येतें. घडविणारानें आपलें काम आपल्या यंत्रावर न तपासतां त्या जुन्या मोबाइलवर तपासावें हें बरें. एकच पान लहानमोठ्या पडद्यांवर आपोआप जुळवून घेईल अशी रचना ईथन मार्कॉट यांनीं २०१० सालीं मांडली, आणि ती आज सर्वमान्य आहे. असें असतां मोबाइलवर दोन बोटांनीं ताणून वाचावें लागणारें पान कोणी करील, तर त्यास आळसच म्हणावें.

डोळ्यांचा विचार तर आमच्या वयाच्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचा. फिकट करड्या अक्षरांची एक चाल पडली आहे. तरुण डोळ्यांस ती नाजूक वाटते, आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांस दिसतच नाहीं. संकेतस्थळांची सुगमता ठरविणारे आंतरराष्ट्रीय नियम १९९९ सालीं प्रथम निघाले. त्यांच्या २००८ च्या आवृत्तीपासून नेहमींच्या आकाराच्या अक्षरांचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा निदान साडेचारास एक या प्रमाणांत भिन्न असावा, असा दंडक आहे. प्रत्येक चित्रामागें त्याचें शब्दांत वर्णन द्यावें, हाहि त्यांतीलच नियम. कारण अंध मनुष्यास पान वाचून दाखविणारें यंत्र शब्द वाचूं शकतें, कोरें चित्र वाचूं शकत नाहीं. भारत सरकारनेंहि सरकारी स्थळांसाठीं २००९ सालीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, आणि २०२३ सालीं तीं सुधारलीं. तरीहि एखादी महत्त्वाची सूचना कागदावर छापून, तिचें छायाचित्र घेऊन, तेंच स्थळावर चिकटविण्याची रीति आपल्याकडे अद्याप दिसते. अशी सूचना अंधास ऐकूं येत नाहीं, आणि शोधणारास शब्द घालून सांपडतहि नाहीं.

मराठी अक्षरांची कथा याच जातीची आहे. जगांतील लिपींना समान संकेतांक देणाऱ्या ‘युनिकोड’ पद्धतींत देवनागरीचा समावेश १९९१ सालींच झाला होता. परंतु ती रूढ होण्यास पुष्कळ वर्षें गेलीं. तोंपर्यंत ज्याचा त्याचा टंक निराळा. आणि तो आपल्या यंत्रांत नसला, तर मराठी मजकुराच्या जागीं रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे. ती अडचण आतां सरली. राहिली आहे ती भाषेची. यंत्राकडून केलेलें भाषांतर कोणीं न वाचतां तसेंच ठेवलें, कीं मुखपृष्ठास ‘घर’ म्हणणारें आणि आरक्षणाच्या बटणावर ‘पुस्तक’ लिहिणारें स्थळ जन्मास येतें. मराठी पान ठेवावयाचें तर तें मराठी माणसानें एकदां मोठ्यानें वाचून पाहावें. एवढा मान मागण्याचा आपल्या भाषेस अधिकार आहे.

शेवटचें लक्षण सचोटीचें. परिणामकारक स्थळ म्हणजे ज्यावरून माल खपतो तें, असें कित्येक व्यापारी म्हणतील. ‘केवळ दोनच नग शिल्लक’ अशी खोटी घाई करणें, न मागितलेली वस्तु हळूच टोपलींत सरकविणें, नकार देणारास ‘मला पैसे वांचवावयाचे नाहींत’ अशा लाजविणाऱ्या बटणावर बोट ठेवावयास लावणें, वर्गणी सुरू करण्यास एक पायरी आणि बंद करण्यास दहा पायऱ्या ठेवणें, यांनीं गल्ला वाढतो यांत शंका नाहीं. हॅरी ब्रिग्नल या इंग्रज गृहस्थानें २०१० सालीं अशा युक्त्यांना एक नांवच देऊन त्या उजेडांत आणल्या. आणि आपल्या देशांतहि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२३ च्या नोव्हेंबरांत अशा तेरा प्रकारांची यादी करून त्यांस मनाई केली. परंतु कायदा नसता तरी आमचें म्हणणें तेंच असतें. वर सांगितलेले सारे गुण, स्पष्टता, वेग, सोपेपणा, हे ठकासहि वापरतां येतात. लुबाडण्याचा मार्गहि गुळगुळीत करतां येतो. म्हणून स्थळ सोपें आहे एवढ्यानें तें चांगलें ठरत नाहीं. कोणाच्या हितासाठीं सोपें केलें, हें विचारावें लागतें.

हें सर्व वाचून घरांतील तरुण कारागीर म्हणतील कीं काका, हें आम्हांस ठाऊक आहे. पण वेळ नसतो, आणि वरचे लोक ऐकत नाहींत. त्यांची अडचण खरी असेल. तरी त्यांस एक बिनखर्चाचा उपाय सुचवितों. नील्सन यांनींच २००० सालीं असें दाखविलें, कीं मोठी पाहणी न करतां अवघीं पांच माणसें समोर बसविलीं तरी स्थळाचे बहुतेक दोष उघडे पडतात. पांच माणसें जमविण्यास दूर जावयास नको. रविवारीं आई-वडिलांस, आत्याबाईंस, शेजारच्या मास्तरांस आपलें नवें पान उघडून द्या. एक काम सांगा: तिकीट काढा, किंवा अमुक माहिती शोधा. आणि मग, हेंच सर्वांत कठीण, गप्प बसा. मदत करूं नका, ‘तसें नव्हे, वर पाहा’ असें म्हणूं नका. त्यांचें बोट कोठें थांबतें, कपाळावर आठी केव्हां पडते, तेवढें पाहा. जेथें आई थांबली, तेथें पान चुकलें आहे.

आणि वडीलधाऱ्या मंडळींस आमचें मागणें एवढेंच, कीं यापुढें एखाद्या पानापुढें अडलां तर ‘आमचें वय झालें’ म्हणून उठून जाऊं नका. काय शोधीत होतां, कोठें अडलां, तें दोन ओळींत लिहून त्या कचेरीस कळवा, आणि तीच चिठ्ठी घरच्या कारागिरासहि दाखवा. संकेत ज्यानें दिला, तो पाळण्याची जबाबदारीहि त्याचीच आहे. वेळेवर येऊन उभें राहणाऱ्याकडे त्यांत लाज वाटण्यासारखें कांहीं नाहीं.